अर्धा किलो, एक किलो

आमचा नंबर बायकांच्या फोनमध्ये
'संत्रा बर्फी ऑर्डर' या नावाने सेव्ह असतो.
नाव नुजहतने सुचवलं. म्हणाली,
नवरे फोन तपासतात, पण मिठाईवाल्यावर
कोण डाऊट घेते बाप्पा.

पाव किलो म्हणजे नुसतं बोलायचंय.
अर्धा किलो म्हणजे त्याने हात उचलला.
एक किलो म्हणजे या. आत्ता या.

गोळीबार चौकात झेरॉक्सच्या दुकानावरची खोली,
दोन फोन, एक चार्जर, चिकटपट्टीने सावरलेला.
स्क्रीनवर शहराचा नकाशा.
ऑर्डर येते त्या जागी उत्पला केशरी ठिपका ठेवते.
परवा तिचा भाचा बघून म्हणाला,
मावशी, तुमचा धंदा तं मस्त चालून राहिला.

लिहिता न येणाऱ्या बोलून पाठवतात.
ते ऐकून कागदावर उतरवायचं काम माझं.
मे महिन्यात बाई कमी, कूलर जास्त ऐकू येतो.
पत्र्याचा, थरथरता, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी गाळणारा,
अख्खी गल्ली स्वतःच्या आवाजाने भरून टाकणारा.
शेजारी सांगतात, आम्हाले काहीच ऐकू नाही आलं.
खोटं बोलत नाहीत ते.
हेच तर.

एका शनिवारी नवऱ्याचाच फोन आला.
"दोन किलो पाठवा. पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले.
बायकोच्या फोनमध्ये नंबर दिसला तुमचा.
ताजी आहे ना?"
उत्पलाने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, हो, आजचीच.

मग सीताबर्डीला रांगेत उभं राहून
खरी बर्फी घेतली, पदरच्या पैशाने.
डब्यावरचं दुकानाचं नाव नखाने खरवडलं.
दिघोरीच्या मागे, चौथा लेआउट, निळं गेट.

त्याने वीस रुपये कमी दिले.
त्याच्या मागे ती, पंचेचाळीस डिग्रीत
गळ्यापर्यंत पदर गुंडाळून.
डबा घेताना म्हणाली,
"मी एक किलो सांगितलं होतं. मंगळवारी."
तो हसला. "हिले काही समजत नाही.
पाहुणे तं आज आहेत."

मंगळवारी.
स्कूटीवर बसल्या बसल्या मी फोन मागे मागे सरकवत गेले.
त्या दुपारी लाईट गेली होती, फोन बंद पडला होता,
संध्याकाळी सदतीस निरोप एकदम कोसळले होते.
त्यात हा. दोन वाजून दहा मिनिटं.
त्रेचाळीस सेकंद. न ऐकलेला.
सगळा कूलर.
शेवटी एक श्वास. असावा.
रात्री वहीत लिहिलं: कूलर.
खोडलं. परत तेच लिहिलं.

बुधवारी पुन्हा तोच.
"आंबट निघाली तुमची बर्फी! बायको म्हणते वापस करा.
लाज वाटते का काही?"
आम्ही माफी मागितली. गेलो.
त्याने स्वतःच्या हाताने डबा दिला,
सुतळीने करकचून बांधलेला.

खोलीवर येऊन सोडला.
आधार कार्ड. पासबुक.
मेयोतली जुनी चिठ्ठी, डावं मनगट.
पोरीची नववीची मार्कशीट.
एकच कर्णफूल.
कोपऱ्यात बर्फीचा एक तुकडा.
तो तिघींनी वाटून खाल्ला.
आंबट नव्हता.

ती अजून आलेली नाही.
डबा कपाटात आहे, किल्ली नुजहतच्या गळ्यात.
उधारीवर इन्व्हर्टर आणलाय,
रात्री पाळीपाळीने एकजण जागी असते.
निळ्या गेटवर ठिपका ठेवलाय,
त्याचा रंग कुठला करायचा, यावर
उत्पलाचं आणि माझं अजून जमत नाही.

पेपरात आलंय, पंचवीस तारखेपासून नवतपा.
म्हणजे कूलर आणखी वरच्या नंबरवर जातील.
मी इअरफोन घट्ट बसवते,
आवाज शेवटपर्यंत वाढवते,
आणि त्या घरघरीच्या खाली
काही आहे का, ते ऐकत राहते.